अर्ध्या विद्येचा अधिकार

जी विद्या आपल्याला पुरती आलेली नाही ती दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकार माणसाला आहे काय, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे उत्तरही आपल्या भाषेत केव्हाचे तयार आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपले वाडवडील विचारून गेले. आणि हे वचन आपण इतक्या वेळा ऐकले आहे की तो मुळात एक प्रश्न आहे, निकाल नव्हे, हेही आता ध्यानात येत नाही. तो प्रश्न पुन्हा उकरून काढावासा आम्हांला वाटला याचे निमित्त किरकोळ आहे. ते म्हणजे शाळाशाळांतील कपाटांतून पडलेली पितळी वाद्ये.

ज्या वाचकांची मुले बदलीच्या गावी शिकतात त्यांना पुढील प्रकार नवा वाटणार नाही. शाळेला कोठल्याशा अनुदानातून बँडचा संच मिळतो. तो पुष्कळदा मेरठच्या जली कोठीतून आलेला असतो, कारण पितळी वाद्ये घडविणारे जे मोहल्ले या देशात आहेत त्यांत त्याचे नाव पहिले. चार ट्रम्पेट, एक-दोन ट्रॉम्बोन, एखादा युफोनियम, काही ढोल. प्रजासत्ताकदिन दोन महिन्यांवर येऊन ठेपलेला असतो. मुख्याध्यापक संगीतशिक्षकांना बोलावून घेतात. हे संगीतशिक्षक म्हणजे ख्याल गाऊन विशारद झालेले गृहस्थ. ते पेटी वाजवितात, वेळप्रसंगी तबल्यावर ठेका धरतात. ट्रम्पेट त्यांनी पाहिलेला असतो तो वरातीत. परंतु ट्रम्पेट हे संगीताचे वाद्य आहे आणि हे संगीताचे शिक्षक आहेत, एवढे कागदावर जुळले की प्रश्न मिटतो. वाद्य घरी येते, दारेखिडक्या लावून घेतल्या जातात, शेजारी काय समजायचे ते समजतात, आणि महिन्याभराने तेच गृहस्थ वीस मुलांच्या रांगेसमोर ट्रम्पेटचे शिक्षक म्हणून उभे राहतात.

असे एक शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत. वय पंचेचाळिसाच्या पुढे, तालीम ग्वाल्हेर अंगाची, स्वभाव भिडस्त. त्यांनी आम्हांला एकदा सरळच विचारले की, मी करतो आहे हे शिकविणे म्हणायचे की फसवणूक? मुले माझ्याकडे विश्वासाने पाहतात. त्यांच्यापुढे मी जेमतेम चार धडे आहे. हे त्यांना ठाऊक नाही, त्यांच्या आईबापांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक करून घेण्याची इच्छा नाही.

त्यांचे समाधान करण्यासाठी एक सोपे उत्तर हाताशी होते. आपल्यापैकी पुष्कळांचे सारे सेवाजीवन अशाच स्थितीत जाते. काल जंगलखात्यात असलेला अधिकारी आज बंदरांच्या कामावर येतो, पंधरवड्यात टिपणे वाचून तयार होतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या विषयात जन्म घालविलेल्या माणसांना सूचना देऊ लागतो. राज्ययंत्र चालते ते या उसन्या ज्ञानावरच. पण हे उत्तर आम्ही दिले नाही. फाइलीवरील चुकीच्या शेऱ्यावर वरिष्ठांची नजर पडते, लेखापरीक्षकांची पडते, उशिरा का होईना तो दुरुस्त होतो. दहा वर्षांच्या मुलाच्या ओठाला लागलेल्या चुकीच्या वळणावर तशी कोणाचीच नजर नसते. म्हणून या कामाचे स्वरूप प्रथम नीट पाहिले पाहिजे.

पितळी वाद्यात नाद उत्पन्न करतात ते वादकाचे ओठ. माउथपीसच्या लहानशा वाटीत मिटलेले ओठ फुंकीने थरथरतात आणि नळीतील हवा त्या थरथरीला साथ देते. आपली तुतारी, देवळातला कर्णा, पलटणीचा बिगुल आणि ट्रम्पेट ही या बाबतीत सख्खी भावंडे आहेत. एका लांबीच्या नळीतून वाटेल तो स्वर निघत नाही. निसर्गाने लावून दिलेली एक ठराविक शिडी तेवढी निघते. ती आपल्या भाषेत सांगायची तर खालचा सा, मग प, मग वरचा सा, ग, प, त्यावर एक अतिकोमल नी, आणि मग तार सा. बिगुलाच्या साऱ्या इशाऱ्यांत सा, ग आणि प यांखेरीज काही ऐकू येत नाही ते यामुळेच. मधले स्वर मिळावेत म्हणून नळीला तीन कळा बसविल्या गेल्या. १८१८ साली श्टोल्झेल व ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी अशा कळेचे पेटंट प्रशियात घेतले. दुसरी कळ दाबली की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका स्वराने, तिसरीने दीड स्वराने. या तिहींच्या जुळण्या सात होतात, आणि सा व प यांमधील दरी भरून काढण्यास त्या नेमक्या पुरतात. ट्रॉम्बोनवर हेच काम सरकत्या नळीच्या सात जागा करतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पेटीवर पट्टी दाबली की स्वर ठरला. ट्रम्पेटवर एकही कळ न दाबता निदान पाच-सहा स्वर निघू शकतात. त्यांतला कोणता निघावा हे बोटे ठरवीत नाहीत, ओठांचा ताण, फुंकीचा वेग आणि सर्वांत आधी कान ठरवितो. जो स्वर मुलाच्या मनात वाजलेला नाही तो त्याच्या नळीतून सहसा निघत नाही, आणि निघाला तर चुकून निघतो. आणि म्हणूनच आमचे परिचित शिक्षक स्वतःला समजत होते तितके निःशस्त्र नव्हते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप उमटतो, आणि जो ऐकू येईपर्यंत त्यांच्या गुरूंनी त्यांना बसवून ठेवले होते, तोच गांधार ट्रम्पेटच्या उघड्या नळीत असतो. पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा. (याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवले होते. त्या वादात आम्ही पडत नाही. पण पितळेच्या नळीची साक्ष निघती तर ती तंबोऱ्याच्या बाजूने पडली असती एवढे खरे.) ट्रम्पेटचा सा काळी पाचचा आणि बँडमधल्या दुसऱ्या काही वाद्यांचा काळी दोनचा, हे ऐकून इंग्रजी पद्धतीचा विद्यार्थी प्रथम गोंधळतो. ज्याचा षड्ज जन्मभर गायकाच्या गळ्याप्रमाणे सरकत आला आहे त्याला त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. मुलांकडून आधी गाऊन घ्यावे, मग तेच नळीत फुंकून घ्यावे, ही रीत आमच्या स्नेह्यांनी कोणत्याही पुस्तकात न पाहता सुरू केली होती, आणि ती योग्यच होती.

तथापि कानाने सारे भागत नाही. ओठ, जीभ, दात, श्वास यांची जी गाठ पडायची ती माउथपीसच्या आड पडते. शिक्षकाला ती दिसत नाही आणि विद्यार्थ्याला सांगता येत नाही. वरचा स्वर निघेना की मूल माउथपीस ओठांवर दाबू लागते. दाबला की स्वर काही काळ निघतो, शाबासकी मिळते, आणि ओठ सुजतो. गाल फुगविण्याची, खांदे उचलून श्वास घेण्याची, माउथपीस सोयीसाठी एका कडेला धरण्याची सवय अशीच लागते. पुढचे कायमचे दात येण्यापूर्वी मुलाच्या हाती ट्रम्पेट देऊ नये, हे साधे पथ्यसुद्धा ज्याला कोणी सांगितलेले नाही तो प्रजासत्ताकदिनाच्या घाईत ते मोडून बसतो. या सवयी जडायला दोन महिने पुरतात. सुटायला वर्षे लागतात, आणि कित्येकांच्या सुटतच नाहीत. आडाची म्हण येथे खरी ठरते. किंबहुना येथे प्रश्न आड रिता असण्याचा नाही, पाणी गढूळ असण्याचा आहे.

मग काय, केवळ पारंगतांनीच शिकवावे? येथे दुसऱ्या बाजूचा एक दाखला आम्हांला फार मोलाचा वाटतो. फिलिप फार्कस हे शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्नचे प्रमुख वादक होते. १९५६ साली त्यांनी हॉर्नवादनावर आणि १९६२ साली सर्व पितळी वाद्यांच्या वादनावर जे ग्रंथ लिहिले ते पुढे शिक्षकांचे आधारग्रंथ झाले. फुंकीचा झोत माउथपीसमध्ये सरळ गेला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि ते तर्काला धरूनही होते. मग त्यांनी चाळीस नामांकित हॉर्नवादकांच्या ओठांची छायाचित्रे घेतली. जवळजवळ प्रत्येकाचा झोत खाली कललेला आढळला, आणि तोही प्रत्येकाचा निराळ्या कोनात. ही छायाचित्रे १९७० साली त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली आणि आपले मत सोडून दिले. आपल्या वाद्याच्या शिखरावर असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे आपले ओठ काय करतात याचा पत्ता नव्हता! वाजविता येणे आणि वाजविणे म्हणजे काय घडते हे जाणणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. पहिलीत पारंगत असलेला दुसरीत अडाणी असू शकतो. आणि तो अडाणीपणा त्याच्या कीर्तीच्या वजनासह शिष्याच्या माथी बसतो, ही त्यातली अधिक भयंकर गोष्ट.

आपल्याकडे ही तफावत कालिदासाने फार पूर्वी ओळखली होती. ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो. तेथे परिव्राजिका म्हणते की कोणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, कोणाचे कौशल्य ती दुसऱ्यात उतरविण्यात असते, आणि दोन्ही ज्याच्यापाशी आहेत त्याला शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. परीक्षा मग आचार्यांची होत नाही, शिष्येची होते. वादाचा खरा निकाल या एका योजनेतच आहे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

स्वतः जे वाद्य वाजवीत नाही ते शिकविल्याची मोठी उदाहरणे आहेत, आणि ती वरील कसोटीला उतरलेली आहेत. शिकागोच्याच वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजविणारे आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे ट्रम्पेट आणि हॉर्नचे कसलेले वादकही शिकावयास जात. स्नायूंचा विचार सोडा, श्वास मोकळा करा आणि मनातल्या स्वराकडे लक्ष द्या, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. मुंबईत अन्नपूर्णादेवींनी हरिप्रसाद चौरसियांना घडविले. त्या स्वतः सुरबहार वाजवीत, बासरी नव्हे. पण या उदाहरणांच्या आड आमच्या संगीतशिक्षकांनी लपू नये, हेही सांगितले पाहिजे. चौरसिया त्यांच्याकडे गेले तेव्हा बासरी फुंकावी कशी हा प्रश्न त्यांच्यापुढे उरलेला नव्हता. काय वाजवावे आणि का, हा होता. कसलेल्या हाताला दुसऱ्या वाद्याचा गुरू चालतो. कोवळ्या ओठाला चालेल काय, याचे उत्तर येथे मिळत नाही.

ते काही अंशी मैहरला मिळते. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यास एकामागून एक वाद्ये शिकत हिंडले. व्हायोलिन एका बँडमास्तरांकडे शिकले, क्लॅरिनेट, कॉर्नेट आणि सनई यांवरही त्यांनी मेहनत केली. पुढे रामपूरच्या वझीर खाँसाहेबांची तालीम घेऊन ते मैहरच्या राजांच्या पदरी आले आणि १९१८ च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून त्यांनी एक वाद्यवृंद उभा केला. त्यात सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो यांच्या जोडीला बंदुकांच्या नळ्यांपासून केलेले नलतरंगही होते. या सर्व वाद्यांत खाँसाहेबांची गती सारखी होती असे कोणी म्हणणार नाही. त्यांचे वाद्य सरोद. परंतु प्रत्येक वाद्य त्यांनी स्वतः हाती घेऊन त्याच्याशी झगडलेले होते. जे वाद्य मी तुला देतो आहे त्याने माझीही बोटे सोलली आहेत, एवढे त्यांना त्या पोरांस खरेपणाने सांगता आले असते. आमच्या मते अर्ध्या विद्येच्या शिक्षकाचा अधिकार जो काही आहे तो येथून सुरू होतो. कपाटाची किल्ली हाती आली म्हणून तो मिळत नाही. रोज सकाळी स्वतः माउथपीस ओठाला लावल्याने मिळतो. ज्याला नुकतीच अडचण आली आहे त्याला ती कोठे आली याचे स्मरण ताजे असते. पारंगताचे ते स्मरण पुसलेले असते, आणि म्हणूनच कित्येक मोठे वादक मुलांवर विनाकारण संतापतात.

शिवाय पूर्ण विद्येच्या इतिहासाकडेही थोडे डोळे उघडे ठेवून पाहावे. ज्यांच्यापाशी ती होती त्यांतील किती जणांनी ती मोकळ्या हाताने दिली? चिजा चोरून ऐकाव्या लागत, अस्थाई मिळे आणि अंतरा मिळत नसे, हे आपल्या संगीताच्या चरित्रग्रंथांतून पानोपानी आहे. बडोद्यास १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्गात बसवून गाणे शिकविता येते काय अशी टीका झालीच असेल. पलुस्करांनी तर उपदेशक तयार करण्याचे वर्गच चालविले, आणि ऐन विशीतल्या ओंकारनाथ ठाकुरांना लाहोरच्या विद्यालयाचे आचार्यपद दिले. गावोगाव गेलेले ते उपदेशक काही सारेच सिद्ध गवई नव्हते. पण आपल्यासारख्या परप्रांती वसलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलींना हाती पेटी घेऊन निर्भयपणे बसता आले ते त्यांच्यामुळे. व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनिओ आब्रेउ यांनी गरीब मुलांचे वाद्यवृंद उभारण्याची जी चळवळ सुरू केली तिच्यातही थोरली मुले धाकट्यांना शिकवीत आली आहेत. संपूर्ण विद्या रोखून धरणारा आणि अपुरी विद्या वाटून टाकणारा, यांत पहिल्याला आपण उस्ताद म्हणतो आणि दुसऱ्याला वेठबिगार समजतो. यात काही न्याय आहे असे आम्हांस वाटत नाही.

मात्र वाटून टाकणाऱ्याने आपली सीमा सांगितली पाहिजे. फसवणूक अपुरेपणात नसते, ती तो लपविण्यात असते. आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच म्हणालो की मुलांना सांगून टाका: हे वाद्य मीही यंदाच हाती घेतले आहे. त्यांना भीती वाटत होती की वचक जाईल. तसे काही झाल्याचे ऐकिवात नाही. उलट वरचे स्वर काढण्याची घाई त्यांनी बंद केली, कारण आता सर्वज्ञ दिसण्याची गरज उरली नाही. आणि संचलनाची धून त्यांनी उघड्या नळीच्या सा-ग-पमध्ये बसविली. मुख्याध्यापकांना ती जरा साधी वाटली. ओठ सुजलेले मूल त्या वर्षी एकही नव्हते.

या सीमेपलीकडे नेणारा माणूस बहुधा त्याच गावात राहत असतो, ही या साऱ्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. पचमढीला सैन्याचा संगीतविभाग १९५० पासून आहे. तेथून शिकून पलटणीत वीस वर्षे वाजविलेले निवृत्त हवालदार उत्तरेतल्या आणि मध्य भारतातल्या किती तरी गावांत आढळतात. लग्नाच्या बँडांत झगमगीत डगला घालून उन्हात उभे राहणारे जे लोक आहेत त्यांतही पिढीजात ओठ असलेले वादक असतात. गोव्यातल्या चर्चच्या गावशाळांतून सोल्फा शिकून बाहेर पडलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद भरून काढले. ‘अलबेला’त (१९५१) सी. रामचंद्रांच्या संगीताला ज्यांच्या ट्रम्पेटने झळाळी दिली ते चिक चॉकलेट त्याच मातीतले. वरात पुढे सरकली की आपण या मंडळींकडे पाहत नाही. आपल्या मुलाला त्यांच्याकडे शिकावयास पाठविण्याची कल्पना आपल्यातल्या कितीजणांना रुचेल?

आमच्या स्नेह्यांना ती रुचली. दुसऱ्या वर्षी त्यांनी अशा एका निवृत्त हवालदारांना गाठले आणि आठवड्यातून दोन तास शाळेत बोलवावे असा अर्ज केला. मुलाचा ओठ कोठे चुकतो हे त्या माणसाला पाच पावलांवरून नुसत्या आवाजाने कळे. अर्ज परत आला. संगीत शिकविणाऱ्यास मान्य संस्थेची पदवी वा पदविका असली पाहिजे असा नियम होता, आणि त्यांच्यापाशी पलटणीचा दाखला होता. ज्यांच्यापाशी पदविका होती त्यांना ट्रम्पेट येत नव्हता. ज्यांना येत होता त्यांना वर्गात प्रवेश नव्हता. असे नियम आपल्यासारख्यांच्याच मेजांवर तयार होतात. त्यांत तासिका तत्त्वावर मानधन देण्याचे आणि अनुभवाच्या आधारे पदवीची अट शिथिल करण्याचे एक पोटकलम घालायला अर्धे पान पुरते. हवालदार आता रविवारी सकाळी मैदानावर येतात, नियमाबाहेर, आणि शिक्षक त्यांच्यासमोर मुलांच्या रांगेत आपला ट्रम्पेट घेऊन उभे राहतात.